विदुलाला सवलत नको होती

समीरचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "अनघा, विदुला गेली गं," एवढंच म्हणाला. मेलबर्नमध्ये लॉकडाऊन होता, अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी. इथल्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात मी तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, आणि तिला निरोप दिला तो लॅपटॉपवर. ऐन वेळी चित्र अडकलं. विदुलाला हसू आलं असतं. मला संताप आला, अजूनही येतो.

आमची ओळख पुण्यातली, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतली. मी लवकरच गाशा गुंडाळला. ती मात्र परीक्षा देत राहिली, मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली, आणि शेवटी समीरशी लग्न करून इकडे. चाळिशी ओलांडल्यावर तिने इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीला नाव घातलं. विषय काय, तर चिनी सम्राटांच्या काळातल्या सरकारी नोकरीच्या परीक्षा.

"तुझी परीक्षेची हौस फिटली नाही का अजून?" मी विचारलं.

"माझी राहू दे, त्यांची बघ," म्हणाली आणि सुटलीच. उमेदवाराला एवढ्याशा खोलीत दिवसचे दिवस कोंडायचे. दोन फळ्या, त्यांचंच बाक, त्यांचंच टेबल, झोपायलाही त्याच. शिधा आपला आपण न्यायचा. केस पिकले तरी लोक परीक्षा देत. पण तिचा जीव जडला होता तो वेगळ्याच गोष्टीवर. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत, आणि कारकून ती अख्खी पुन्हा उतरवून काढत, म्हणजे परीक्षकाला अक्षरावरूनही माणूस ओळखता येऊ नये. अगदी म्हातारे झालेल्या नापासांना सम्राट कधी कधी कृपा म्हणून पदवी देई. ते सांगताना मात्र ती नाक मुरडायची.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये तिला कॅन्सर निघाला. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तिची सुपरवायझर भली बाई. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, झालंय तेवढ्यावर काही मार्ग काढू, परीक्षकांना तब्येतीचं कळवू. मी डबा घेऊन गेले होते, तिथेच बसले होते. विदुला शांतपणे म्हणाली, "नो. दे मार्क द थीसिस, नॉट माय स्कॅन्स." कॉल संपल्यावर माझ्यावर उखडली. "तू कशाला मान डोलवत होतीस? उद्या पास झाले तर मलाच कळणार नाही, मी पास झाले की माझा कॅन्सर."

मग मीही पदर खोचला. तिची बोटं चालेनाशी झाली तेव्हा ती सांगायची, मी टाइप करायचे. केमोनंतर शब्द सापडत नसत. ती थांबायची, मी थांबायचे... एखादं वाक्य मी परस्पर सुधारलं की ओरडा बसायचा. पुढच्या जूनमध्ये इथली थंडी सुरू झाली तेव्हा प्रबंध परीक्षकांकडे गेला, आजाराबद्दल चकार शब्द न कळवता. निकाल यायच्या आत ती गेली.

मागच्या आठवड्यात अहवाल आले. समीरने फोनवर वाचून दाखवले. पहिला परीक्षक खूश. दुसऱ्यानेही पास केलं होतं, पण दुरुस्त्या सांगून: तिसरं प्रकरण सैल आहे, लेखिकेने युक्तिवाद पुन्हा बांधावा, एवढा आळस तिला शोभत नाही. 'आळस' या शब्दापाशी समीरचा आवाज चिरकला. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. मग मात्र आम्ही दोघंही रडलो.

सुपरवायझर म्हणाली, आता परीक्षकांना खरं सांगू, ते दुरुस्त्या सोडून देतील. समीरने नको म्हणून सांगितलं. हल्ली रोज दुपारी तो विदुलाच्या टेबलाशी बसतो, मी लॉकडाऊनमुळे माझ्या घरून स्क्रीनवर, आणि तिच्या टिपणांवरून आम्ही तिसरं प्रकरण बांधतो. समीर इंजिनियर, इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. काल मी कंटाळून म्हटलं, "बस झालं रे, एवढं चालेल."

"तिला चाललं असतं?" त्याने विचारलं, आणि परिच्छेद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.