फांदी आड येत होती

फोटोत आड येते म्हणून मी करकोच्यांच्या घरट्यावरची फांदी तोडली. कुणाकडून तोडवून घेतली नाही. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला काढायची लांब आकडी उचलली आणि स्वतः ओढली. वय वर्षे बावन्न. अंगात अकरा खिशांचं जाकीट, त्यातले दहा रिकामे. तुम्हीही कॅमेरा घेऊन हिंडत असाल, तर हसण्याआधी आपापल्या फांद्या आठवा.

आकडी तिथल्या वाडीवाल्या शेतकऱ्याची, बाभूळही त्याच्याच बांधावरची. अंजनगावजवळ तलावाला लागून त्याची वांगी-मेथीची वाडी होती. आम्हा अमरावतीच्या फोटोवाल्यांचं स्वागत तो एकाच वाक्यानं करी, "काहून आले बाप्पा?" उत्तराची वाट न पाहता पाण्याचा पाइप आमच्या बुटांकडे वळवी. एकदा मी पेढे नेले. डबा उघडून पाहिला, परत दिला. "ढोकाईले चालत नाही."

करकोच्यांना तो ढोक म्हणे आणि त्यांच्याशीही गोड नव्हता. ते वांग्यांवर घाण करत, अर्धवट मासे पाडत. "हगा लेकहो, बापाचंच वावर आहे!" असं वर पाहून ओरडे. पण त्या बाभळीजवळ पाण्याची मोटर मात्र त्यानं कधी बसवली नाही. आवाज होतो म्हणे.

त्या दिवशी तो भाजी घेऊन बाजाराला गेला होता. आश्विनातलं ऊन. फांदी पडली, पक्षीण उडाली, पाच मिनिटांत परतली आणि घरट्यात उभी राहून दोन्ही पंख पसरून तशीच थांबली. गुलाबी पिसं, पिवळी चोच, मागे निळं आभाळ! मी फोटोंवर फोटो काढले. एक तिथूनच ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'नृत्यमग्ना'.

तो परतला तेव्हा मीच धावत दाखवायला गेले. "पाहा, कशी नाचतेय!"

त्यानं फोटो पाहिला. मग खाली पडलेली फांदी पाहिली.

"नाचून नाही राहिली ते. लेकराईवर सावली धरून राहिली. आता एकट्या नराच्या मासोळ्या तीन लेकराईले पुरतीन का?"

तीच फांदी त्यानं उंच बांबूला बांधली आणि खड्डा मला खणायला लावला. बांबू उभा करताना पक्षीण पुन्हा उडाली. आम्ही दोघं वांग्यांत दबून बसलो. ती येईना. एका पिल्लाची मान घरट्याबाहेर लोंबली. मला रडू फुटलं, तर म्हणाला, "रडा, पण आवाज नका करू."

ऊन कलल्यावर ती आली. दोन पिल्लं वाचली. तिसरं दुसऱ्या दिवशी त्याला वाडीत पडलेलं सापडलं. माझ्या फोटोला पुढे बक्षीस मिळालं. मी ते घेतलंसुद्धा, हार घालून!

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. नात विचारते, "आजी, बक्षिसाचा फोटो भिंतीवर काहून नाही?" मी चष्मा शोधायला लागते.

फांदी तोडली त्याच्या पुढच्याच आश्विनात, तो असताना, मी पुन्हा गेले होते. बाभूळ रिकामी. करकोचे तलावाच्या पार पलीकडे, माझ्या लेन्सलाही ठिपके दिसतील इतक्या लांब. मी बांधावर नुसती उभी राहिले. तो मेथीच्या जुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमाले फोटो भेटला ना मॅडम? मंग आता तोच पाहत बसा."