आत्याच्या ओठांत मिटलेलं नाव

डोक्याचे फोटो काढायच्या यंत्रात आत्याला सरकवणार, एवढ्यात तिथल्या पोरीची नजर आत्याच्या हातावरच्या गोंदणावर गेली आणि सगळं थांबलं. "मोमेंट, बिटे," जरा थांबा, असं जर्मनमध्ये म्हणत ती काचेपलीकडे निघून गेली. गोंदणाच्या शाईत लोखंडाचा अंश असला तर चुंबकात कातडी पोळू शकते, म्हणून ते आधी विचारतात, हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की काहीतरी चुकलंय. आणि काही चुकलं की ते माझ्यामुळेच, अशी त्या दिवसांत माझी खात्रीच असायची.

मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की हे जत्रेतलं आहे, लहानपणचं, काजळी आणि पाल्याच्या रसाचं. पोरीने कुणाला तरी फोन केला. मग ओल्या फडक्याची घडी गोंदणावर ठेवली, आत्याच्या हातात रबरी फुगा दिला आणि म्हणाली, गरम वाटलं तर दाबा. आत्या आत गेली. ठकठक सुरू होते न होते तोच फुगा वाजला. पोरगी धावली, मीही धावले.

"काय झालं गं आत्या? भाजतंय का?"

"मला काय होतंय? ही पोर मघापासून नुसती पळतेय. काही खाल्लंय का तिने, विचार."

मी विचारलं. पोरगी हसली आणि "हो, हो, ब्रोटशन" म्हणाली, म्हणजे पाव खाल्लाय. आत्याचं समाधान झालं आणि ती पुन्हा आत गेली. मी बाहेर बाकावर जाऊन बसले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि माझी सासू. आमच्यात मामाची मुलगी करतात. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. धाकट्या भावंडांना बघायला घरात कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. भावंडं मोठी झाली तेव्हा मला कोण करणार, अशी चर्चा सुरू झाली. आत्याने आपल्या इंजिनियर झालेल्या मुलासाठी मला मागितलं. लोक तिला वेडी म्हणाले. ती म्हणाली, "शिकलेल्या मुली ढिगाने मिळतील, माझी भाची एकच आहे." लग्नानंतरही "अगं आत्या"चं "अहो आई" कधी झालं नाही.

ह्यांना हॅम्बर्गला विमानांच्या कारखान्यात काम मिळालं आणि मी इकडे आले. एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. माझं जर्मन तिथलंच, बटाटे, पातेली आणि पोरांची सर्दी एवढ्यापुरतं. मामंजी वारले आणि एकुलत्या एका मुलाची आई म्हणून आत्याला इथे आणायला परकीयांच्या कचेरीत किती खेटे घातले, ते सांगत बसत नाही. परवानगी मिळाली, याचे उपकार मी अजून मानते.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग दूध उतू जायला लागलं. तेच ते दोनदा सांगणं सुरू झालं. एकदा खाली पाव आणायला गेलेली आत्या बस थांब्यावर बसलेली सापडली. पाऊस पडत होता आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीतला पाव भिजून लगदा झाला होता. "बसले होते जरा," म्हणाली. हे म्हणाले, वय झालंय, परका देश आहे, होतं असं. मला तसं वाटत नव्हतं. पण सातवी शिकलेल्या बाईला जे वाटतं ते कुणाला कसं सांगायचं?

आमच्याकडे रविवारी जेवायला एक पुण्याची मुलगी यायची. ती इथल्याच एका संस्थेत डॉक्टरेट करत होती. हा विसरण्याचा आजार डोक्यात सुरू झाला की त्याची काही खूण रक्तात उतरते का, हे तिचे लोक शोधत होते. तिनेच आम्हाला त्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. "तपासणी होईल, डोक्याचे फोटो काढतील. आणि ताई, परवानगी दिलीत तर संशोधनासाठी रक्ताच्या दोन नळ्या जास्तीच्या घेतील."

"मग रक्तातून लगेच कळेल?"

"नाही हो. आत्ता ते रक्त कुणालाच काही सांगत नाही. आम्ही गोठवून ठेवतो, फोटोंशी ताडून बघतो, वर्षानुवर्षं. नळीवर नावसुद्धा नसतं, नुसता आकडा. कुणाचं रक्त आहे ते मला कळताच कामा नये. म्हणून तर मी तुमच्याबरोबर आत येऊ शकत नाही. दोन्हीकडचं बोलणं दोन्ही भाषांत तुम्हालाच सांगावं लागेल."

रक्ताला भाषा लागत नाही आणि फोटोलाही नाही. मला त्यांचा हेवा वाटला. उरलेलं सगळं माझ्या तोंडून जाणार होतं. मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, ओठ हलवत वाक्यं घोकायची. समोरची माणसं मला प्रार्थना करणारी समजत असतील.

यंत्रातून बाहेर आल्यावर आम्ही डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. पिकल्या केसांची शांत बाई. तिने लक्षात ठेवायला शब्द दिले, ते आत्याने थोडे धरले, थोडे सांडले. ऋतू कोणता विचारला तेव्हा आत्या म्हणाली, "श्रावण." इथे श्रावण उन्हाळ्यात येतो, म्हणून मी म्हणाले, "उन्हाळा." हे बरोबर केलं की चूक, ते कळेना. आणि मग पुढचा प्रश्न आला.

"तुमच्या यजमानांचं नाव काय होतं?"

मी तो मराठीत केला. आत्याने मान खाली घातली, पदर सारखा केला आणि गप्प बसली. डॉक्टरबाईंनी थांबून पुन्हा विचारलं. आत्या गालात हसली पण बोलली नाही. बाईंची पेन्सिल कागदाकडे निघाली.

"नाइन, नाइन, तसं नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "आमच्याकडे घेत नाहीत. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही."

"कधीच नाही?"

"लग्नात घेतात. कवितेत गुंफून. तेसुद्धा सगळ्यांनी फार आग्रह केल्यावर."

मी आणखीही सांगू शकले असते. मामंजींना गावच्या देवाचंच नाव होतं. रोजच्या आरतीत तो शब्द आला की आत्या नुसते ओठ मिटायची आणि पुढच्या शब्दाला पुन्हा सुरात यायची. लहानपणी मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची आणि ती जागा आली की हसायची. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला काउंटरवर ह्यांचं नाव सांगावं लागलं, तेव्हा माझे कान तापले होते. पण हे सगळं जर्मनमध्ये कुठून आणू?

डॉक्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "गेनाऊ, बरोबर. म्हणजे हा प्रश्न आपण मोजायचा नाही." मग मला हळूच विचारलं, "पण त्यांना ते माहीत आहे का? तुम्हाला काय वाटतं?"

मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं.

फोटोंवरूनही त्या दिवशी ठाम काही निघालं नाही. बाईंनी पडद्यावर दाखवलं, मेंदूत खोलवर एक वळलेला लहानसा भाग असतो, त्याला समुद्रघोडा म्हणतात, आठवणी आधी तिथे उतरतात. आत्याचा घोडा थोडा बारीक होता, पण या वयात तसा असूही शकतो. थांबायचं, पुन्हा फोटो काढायचे आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

"माझ्या डोक्यात घोडा?" आत्या म्हणाली. "तरीच. दाणापाणी मिळत नसेल त्याला, तुमच्या या पावाने."

परत जाताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ती गप्प बसली ती रीत म्हणून, की नाव सापडलं नाही म्हणून? रीतीच्या आड विसरणं लपून बसलं असेल तर बाहेरून कसं ओळखायचं? घरी मी भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं केलं. "आत्या, मामंजींचं पूर्ण नाव काय गं होतं?"

"चावट!" तिने मेथीची जुडी माझ्या मनगटावर मारली. "सासऱ्याचं नाव विचारते! तू घे की आधी तुझ्या नवऱ्याचं, उखाण्यात, मग बघू."

तो मेथीचा मार मला कितीतरी दिवस पुरला. ते नाव तिच्या आत जागच्या जागी आहे, असं मी धरून चालले. दूध उतू जायचं, चपला फ्रिजमध्ये सापडायच्या, इथेच जन्मलेल्या माझ्या मुलीला ती माझ्याच नावाने हाक मारायची आणि मुलगी जर्मनमध्ये चिडून उत्तर द्यायची. पण संध्याकाळी आरतीत तो शब्द आला की आत्याचे ओठ मिटायचे. मी निरांजन धरून तिच्या तोंडाकडे बघत राहायची. मिटले की श्वास सोडायची. पुढे पुढे तिच्या ओळीच विस्कटल्या, ती नुसती टाळ्या वाजवत बसायची, आणि मला ती जागा बघायला मिळेनाशी झाली.

पुन्हा जायची वेळ आली. ह्यांना सुटी मिळेना. "तू आहेस ना," म्हणाले. मीच होते. रक्त झालं, जास्तीच्या नळ्या आकडा चिकटवून आत गेल्या. फोटो झाले. या वेळी आत्याने फुगा दाबला नाही आणि त्या पोरीने खाल्लं की नाही, तेही विचारलं नाही. मग तीच खोली, त्याच डॉक्टरबाई, तीच पेन्सिल.

"यजमानांचं नाव..." त्या म्हणाल्या आणि त्यांनाच आठवलं. "आख, हा प्रश्न तुमच्यात चालत नाही. पण विचारून ठेवते."

मी मराठी करायला तोंड उघडलं, नुसतं "मामंजींचं नाव" एवढंच म्हणाले, आणि आत्याने नाव घेतलं.

मोठ्याने. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी देतात तसं. पदराला हात गेला नाही, मान खाली गेली नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. "रिष्टिश! झेर गूट!" त्यांनी आत्याचा हात थोपटला.

"शाब्बास म्हणाली का गं?" आत्याने मला विचारलं.

"हो आत्या. शाब्बास म्हणाल्या."

गावात, लग्नात, मामंजींच्या दहाव्याला, कधीही ते नाव मी तिच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. नाव सापडलं नाही तर काय, याची मला भीती होती. ते न घेण्याचंच ती विसरेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, बरोबर आहे, पण चांगलं नाही. वाक्य जुळेना. शेवटी आरतीतले मिटलेले ओठ मी माझ्याच ओठांनी करून दाखवले. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग पडदा माझ्याकडे वळवला. फोटो त्यांनी आधीच पाहिले होते, सांगायचं कसं याच्या विचारात होत्या. डावीकडे मागचा, उजवीकडे आजचा. समुद्रघोडा कुठे असतो हे मला माहीत होतं. उजवीकडे तो आणखी आक्रसला होता आणि तिथे काळं पाणी वाढलं होतं.

"मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. पुढे औषध सांगितलं, मदतीला कोण घरी येऊ शकेल ते सांगितलं, आणि मला उभं राहायला हात दिला. त्या हाताचे उपकार वेगळेच.

नदीवरच्या बोटीच्या धक्क्यावर आलो, पलीकडच्या काठाला ह्यांचा कारखाना. पाऊस भुरभुरत होता. आत्याला बोट आवडायची, ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मागे कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"काय म्हणाले?"

"अहो," मी म्हणाले, "आत्याने नाव घेतलं."

"कुणाचं?"

ते नाव माझ्याही तोंडी यायचं नव्हतं.

"बाबांचं?" ह्यांनी विचारलं. "कसं घेतलं?"

"विचारल्याबरोबर. मोठ्याने."

मागची घरघर कमी झाली, हे बाहेर आले असावेत. फोटोंचं अजून मी काही सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज पडली नाही.

"बोटीनेच या इकडे," ते म्हणाले. "मी धक्क्यावर येऊन थांबतो."

"कुणाशी बोलतेस गं?" आत्याने विचारलं.

"तुझ्या मुलाशी."

"मग सांग ना त्याला," ती म्हणाली, "डॉक्टरीण मला शाब्बास म्हणाली."