टाळ्या वाजल्या की उठायचं

डोंबिवलीतली बॅले शिकलेली मी पहिली मुलगी, आणि माझं पुढे काय झालं ते पाहून दुसरी कुणी त्या वाटेला गेली नाही.

हे खूळ आईचं. आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी शेजारची मुलगी कथ्थकला जाऊ लागली. झालं! आईला त्याहून वरचढ काहीतरी हवं होतं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एक बाई बॅले शिकवतात असं तिला कळलं, आणि पुढची पाच वर्षं मी तिथे चवड्यांवर उभी राहून फुकट घालवली. (बाईंनी स्वतः बॅले कधी पाहिलेला का, देव जाणे!) आई घरीसुद्धा मला चवड्यांवर चालायला लावायची. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय गं, काटा रुतला का पायात?"

बाईंचा नियम एकच. टाळ्या वाजल्या की उठायचं, गुडघ्यात वाकायचं, हसायचं. विसरलं की पट्टी!

डोंबिवलीत बॅलेला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून मी नटी व्हायचं ठरवलं. कल्याणच्या एका हौशी नाट्यमंडळाने मला स्पर्धेच्या नाटकात नायिका केलं. (दुसरी कुणी तयार नव्हती.) दिग्दर्शक शाळेत भूगोल शिकवायचे आणि रंगभूमी आपल्या डोक्यावर उभी आहे असं समजायचे.

"तुझा मृत्यू म्हणजे नाटकाचा कळस! बोटसुद्धा हलता कामा नये!"

घरी बाबांनी बजावलेलं, "बक्षीस मिळालं तर कर खुशाल नाटकं. नाहीतर शहाडचं स्थळ आलंय, त्यांना होकार कळवणार." त्या मुलाचा फोटो मी पाहिलेला. फोटोतसुद्धा तो आईला विचारून बसल्यासारखा दिसत होता! बक्षीस मिळवणं भागच होतं.

प्रयोगाला आई भजनी मंडळाच्या वीस बायका घेऊन आली. बाबांनी शहाडकरांना तिसऱ्या रांगेत बसवलं. मी विष प्यायले, गिरकी घेतली आणि झकास मेले. नायक शेजारी बसून हंबरडा फोडत म्हणाला, "गेली! आता ती कधीच उठणार नाही!"

"बायांनो, वाजवा टाळ्या!" पहिल्या रांगेतून आई.

भजनात तयार झालेले चाळीस हात ते! काय कडकडाट! मी उठले. चवड्यांवर. एक पाय मागे नेला, गुडघ्यात वाकले आणि गोड हसले.

"अगं मर ना!" नायक दात-ओठ खात कुजबुजला.

मी घाईघाईने मेले. थिएटर हसून लोळायला लागलं, शिट्ट्या, पुन्हा टाळ्या. मी पुन्हा उठले! तिसऱ्यांदा उठले तेव्हा दिग्दर्शकांनी मला पाय धरून विंगेत ओढत नेलं. त्याही अवस्थेत मी पाऊल छान ताणून धरलेलं.

बक्षीस गेलं. परीक्षकांनी शेरा दिला, 'नायिका मेल्यानंतर अधिक प्रभावी.' बाबा होकार कळवायला निघाले, तेवढ्यात शहाडहून माझा फोटो परत आला. सोबत चिठ्ठी: 'मुलगी चांगली आहे, पण आम्हाला एकदा पडली की पडून राहणारी हवी.'

मला लाज असती तर नाद सोडला असता! पुढच्या वर्षी मी पुन्हा दिग्दर्शकांच्या दारात. त्यांनी भूमिका दिलीसुद्धा. नायकाची पहिली बायको, कैलासवासी. म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो! त्यासाठी शहाडहून परत आलेलाच फोटो लावला.

"जिवंत पोरीला हार घालता मेल्यांनो?" आई रडली. आणि वीस बायका घेऊन आली.

पडदा वर गेला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी विंगेत, सवयीने, गुडघ्यात वाकले.

दिग्दर्शकांनी माझा दंड धरून मला उभं केलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "बघ! एवढ्या टाळ्या पडल्या, जागची हलली का ती? शीक जरा तिच्याकडून!"