अर्धी पात

माझ्या उजव्या हाताला दोनच बोटं धड हायेत. बाकीची वैरण कापायच्या कडबाकुट्टीत गेली, नवी लगीन हून आले हुते तवा. दवाखान्यातनं आले अन् घरात बसले. लई दिस बसले. भाकरी थापता येईना, खुरपं धरता येईना.

आमच्यात सावड असती. आज तुझ्या रानात, उंद्या माझ्या, समद्या बायांनी मिळून खुरपायचं. वळीनं बसायचं, एकेकीनं आपली पात, म्हंजी आपल्या वाट्याचा पट्टा, धरायची, पुढं सरकत सरकत बांधाला टेकायचं. मागं राहिली तिला समद्या चिडवत्यात. थोरल्या जावंनं मला वढून रानात नेलं. म्हनली, "हिची पात अर्धी. बाकीची आमी शेजारच्या दोघी घिऊ."

एक बाई बोललीच, "मग सावड बी अर्धीच फेडनार व्हय?"

जाऊ म्हनली, "तिची बोटं तू आनून दे, मग पुरी पात देते."

समद्या हसल्या. मी बी हसले. बांधाला त्यांच्या संगंच टेकले. पुढं हात बसला, तशी पात रुंद झाली.

हे आत्ता आठवायचं कारन माझी नात. संगमनेरला कालेजात हाय. स्कुटीवरनं पडली, उजवा अंगठा वाकंना झाला. पेपर तोंडावर आलेले. सरांनी फोनवर सांगितलं, लिहायला मानूस मिळंल, जादा येळ बी मिळंल. ही म्हनती, "नको. पोरी म्हणतील सवलतीवर पास झाली. मी पेपरच देत न्हाई."

बाप वरडला, आय रडली. वरडून-रडून बोटं येत न्हाईत.

आधी ती मोबाईलवर गाड्या पळवायची, मैत्रिणींसंगं शर्यत लावायची. आता ते बी बंद. एक दिस दुपारी मी म्हनले, "दे गं मला ती गाडी."

"आज्जे, तुला?"

"का? म्या बैलगाडी हाकलीय."

गाडी सुटली ती खड्ड्यात. परत सुटली, परत खड्ड्यात. माझी दोन बोटं कुठं पुरनार? नात हसली, लई दिसांनी. म्हनली, "थांब, तुला सेटिंग लावते." गाडी हळू केली. बटनं मोठी करून डाव्या अंगाला आनली. ब्रेक आपोआप लागंल असं बी केलं. मग आमची गाडी समद्यांच्या मागनं का होईना, पन शेवटापतुर गेली.

"जमलं की आज्जे!"

"मग ही लबाडी झाली का?"

"लबाडी कशाची? तुझा हातच तसाय."

बोलली अन् आपल्या अंगठ्याकडं बघाया लागली. मी शेंगा फोडत बसले. जरा येळानं बघितलं तर तिनं मोबाईल डाव्या हातात घेतलेला, बटनं सोताला लावून घेतलेली. गाडी आपटली की शिव्या देत हुती.

सांजच्याला तिनंच सरांना फोन लावला. "सर, जादा येळ द्या. माणूस नको, मी डाव्या हातानं लिहिते."

मला वाटलं, मानूस बी घ्यायला पायजे हुता. पन पात किती धरायची ते जिचं तिनं बघावं. आता वसरीत बसून डाव्या हातानं लिहिती, वळी वाकड्याच जात्यात. तिची आय चहा ठिऊन जाती. तो तसाच गार हुतो.