‘बिसीच’ म्हणजे काय

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो—पण मध्ये अडवू नका, नाहीतर पुन्हा गिळून टाकीन.

शहाद्याच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. काय तो तोरा! तोंडात साहेबाची भाषा—गावात शहाणा जणू मी एकटाच. त्या दिवशी फळ्यावर ‘बिसीच’ हा शब्द लिहिला होता. अर्थ सांगितला, काकुळतीनं विनवणं. पोरांच्या डोक्यात शिरेना आणि माझं टाळकं तापलेलं.

तेवढ्यात रुमशा नावाच्या एका पोराचा बाप दारात आला. सातपुड्यातला पावरा आदिवासी. घरदार मजुरीला गुजरातेत गेलेलं, म्हणून पोराचं नाव पटावरून काढलं होतं. पोराला परत घ्या म्हणत तो हात जोडून वाकला. रुमशा त्याच्या मागेच उभा.

‘घेतो’ म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही—मी त्याला तसंच वाकलेलं राहू दिलं. छडी त्याच्याकडे रोखली. म्हटलं, “पोरांनो, बघा, बिसीच म्हणजे हे!”

वर्ग खदाखदा हसला. शाळेतलं मराठी बापाला उमगत नव्हतं—काही गंमत झाली असेल म्हणून तोही हसला. रुमशाला मात्र सगळं कळलं.

मी पटावर पुन्हा नाव घातलं, पण पोरगा फिरकलाच नाही. मन खायला लागलं. शेवटी सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून त्यांच्या घरी गेलो. माफी मागायलाच गेलो होतो—खरंच सांगतो.

बापानं खाट टाकली, ताक दिलं. मग बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारलं, “मास्तर, त्या दिनले पोरे का बरं हासनात?”

तेव्हा तरी बोलायचं ना? रुमशा समोरच होता. आणि मी म्हणालो, “तुन्हा पोऱ्या परत ई ऱ्हायना ना, म्हनीसन.” पोरगा परत येतोय, त्या आनंदानं हसली म्हणे पोरं!

बाप असा खुलला! लेकाला म्हणाला, “जाय, तुन्हा दोस्तार वाट दखी ऱ्हायनात.” रुमशा माझ्याकडे बघत राहिला. गाठोडं उचललं आणि माझ्याबरोबर डोंगर उतरला.

आज तो तिकडेच, डोंगरात, मास्तर आहे. कुणाचा बाप दारात आला की आधी त्याला बसायला घोंगडी टाकतो, मग बोलणं. मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि फार बरं वाटलं.

त्याचा बाप आता नाही. पोरगा परत येणार या आनंदात वर्ग हसला, असंच तो शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचा. खोटं माझं होतं.