निळं ड्रिल

त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. सुतार उत्तम, त्याने कापलेल्या फळीत केसाचाही फरक सापडायचा नाही. खोड एकच. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसली की त्याच्या पोटात दुखायचं.

नेमकी त्यांच्या कामाची रीत याच्या उलट होती. मिस्त्री, मोजपट्टी आणि मोजपट्टीचा मेव्हणा असे तिघं मिळून स्वयंपाकघरांत कपाटं बसवायचे. मिस्त्री-मोजपट्टीची ड्रिलं आणि मेव्हण्याची करवत, सगळी बॅटरीवरची, एकाच कंपनीची, हिरवी. सोबत नेलेल्या विजेच्या बोर्डावर तिघांचे तीन चार्जर. ज्याला लागेल त्याने भरलेली बॅटरी उचलायची आणि संपलेली परत लावायची. मेव्हणा उचलायला पहिला, लावायला मात्र हमखास विसरायचा. मोजपट्टीने आपल्या बॅटऱ्यांवर खुणासुद्धा करून पाहिल्या, पण मेव्हण्याला खुणांचं काय!

मोजपट्टीचं ड्रिल जळालं तेव्हा तो नवं घ्यायला गेला. दुकानदाराने विचारलं, "सोबतचे कुठलं वापरतात?"

"हिरवं."

"मग विचार कसला करताय? हिरवंच घ्या, बॅटऱ्या एकमेकांना चालतील."

"म्हणूनच नको," मोजपट्टी बोलून गेला.

दुकानदाराने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि निळं ड्रिल खोक्यात भरलं.

कामावर त्याने थाप ठोकून दिली. "निळ्याला ताकद जास्त असते, मिस्त्री."

मिस्त्री "बरं" एवढंच म्हणाले. मेव्हणा मात्र गप्प बसतोय होय! "दाजी, बॅटऱ्यांची कट्टी घेतली का आमच्याशी?"

मोजपट्टी चार्जरही घरीच ठेवू लागला. बोर्डावरची त्याची जागा रिकामी राहिली.

तीन महिने छान गेले. मग एका सकाळी भिंतीवरचं मोठं कपाट चढवायचं होतं. मोजपट्टीने ते खांद्यावर तोललं, दुसरं टोक मेव्हण्याने धरलं. दोन स्क्रू गेले, तिसरा अर्धा गेला आणि ड्रिल कण्हून बंद पडलं. दुसरी बॅटरी घरी चार्जरवर.

"अरे, बॅटरी दे!" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

मेव्हण्यानेही सवयीनेच एका हाताने बोर्डावरची हिरवी बॅटरी ओढून त्याला दिली. ती बसेना. मोजपट्टीने आणखी जोर लावला. दोघांनाही कळलं होतं, पण कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

दारात घरमालकीण उभी होती. "अहो, तिथे दुसरी भरलेली आहे की!"

मोजपट्टीचे कान तापले. तेवढ्यात मिस्त्री स्टुलावरून उतरले आणि त्यांनी स्वतःचं ड्रिल त्याच्या हातात दिलं. "घे. आज हेच वापर."

मिस्त्रींनी मग दिवसभर साधा पेचकस चालवला. दर दोन-तीन स्क्रूंनंतर ते मनगट झटकायचे. पाठ फिरवली तरी ते झटकणं मोजपट्टीला कळत होतं. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. आपण काय केलं हे घरी बायकोला, तिच्याच भावासमोर, कुठल्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी तो ड्रिल परत करायला गेला. बॅटरीवरचा शेवटचा दिवा लुकलुकत होता. दुसऱ्याची बॅटरी त्याने पार रिकामी करून आणली होती.

"मिस्त्री, ते ताकदीचं खोटं होतं. कोणी मागू नये म्हणून मी निळं घेतलं."

"माहीत आहे. तू घेतलंस त्याच आठवड्यात मी त्या दुकानात गेलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी संपलेली बॅटरी आपल्या चार्जरवर लावली. शेजारच्या रिकाम्या प्लगवर बोट ठेवून ते म्हणाले, "उद्या तुझा चार्जर आण. तीन महिने आम्ही इथे काही लावलेलं नाही."

मोजपट्टीने मान हलवली. ती वर करायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.