खालच्या अंगणातलं पाणी

ताश्कंदच्या जुन्या शहरातला तोलारिक ओढा कुणी गाडला, असं विचारलं तर लोक भूकंपाकडे बोट दाखवतात. भूकंपाचा त्यात काही दोष नाही. ते काम रिसालतनं केलं, आणि निव्वळ हेव्यापोटी केलं.

ती सून होऊन आली तेव्हा ओढा वाळुंजाच्या झाडांच्या सावलीतून यायचा, भिंतीखालच्या भोकातून आधी इनोबतच्या अंगणात शिरायचा आणि तिथून मग रिसालतच्या. म्हणजे पाणी नेहमी आधी इनोबतचं घर पाहून आलेलं. दुपटी बादलीत धुवायची, ओढ्यात नाही, हा गल्लीचा नियम इनोबत काटेकोर पाळायची. तेच रिसालतला खुपायचं. भांडायलाही जागा ठेवत नव्हती बाई.

पण स्वप्नांना कुठला नियम? वाईट स्वप्न पडलं की सकाळी कुणाशी अवाक्षर बोलायच्या आत वाहत्या पाण्याला सांगून टाकायचं, पाणी ते घेऊन जातं. इनोबत उठल्याबरोबर काठावर उकिडवी बसून पुटपुटायची. भिंतीपलीकडे रिसालतला शब्द कळत नसत, पुटपुटणं मात्र ऐकू यायचं.

रिसालतचा नवरा तुर्गुन पाळणे बनवायचा. इनोबतला तीन मुलगे झाले, तिन्ही पाळणे तुर्गुनच्याच हातचे. त्याच वर्षांत रिसालतची दोन बाळंतपणं वाया गेली. नंतर झाली ती एक मुलगी.

"वरचीची स्वप्नं मला भोवतात," ती नवऱ्याला म्हणाली. "पाणी घेऊन जातं म्हणे. कुठे नेतं? माझ्याच दारात आणून टाकतं."

"मग तूही सांग की पाण्याला."

"काय सांगू? माझ्यापाशी येईस्तोवर ते भरलेलं असतं."

भूकंपानंतर शहर नव्यानं बांधायला काढलं. ओढा जमिनीखालच्या नळात घालायचा तर गल्लीच्या सह्या हव्यात, असं सांगायला एक साहेब आला. म्हातारी मंडळी 'वाहतं पाणी कुणी पुरतं का' म्हणून उठून गेली. रिसालत कागद घेऊन दारोदार फिरली. एका दारात कारण डास, दुसऱ्या दारात बुडणारी मुलं, तिसऱ्या दारात रुंद रस्ता. शेवटी इनोबतचं दार.

"तुझ्या मुलीला डास फोडून काढतात म्हणतेस ना," इनोबत म्हणाली, "मग आण इकडे." आणि सही केली.

ओढा नळात गेला. तीन वर्षांत वाळुंजं वाळली. आधी कुणीतरी चोरून मोरी जोडली, मग संडास, मग साऱ्या गल्लीनं राजरोस जोडले. नळाचं झाकण सखल जागी बसवावं लागतं, आणि सखल अंगण एकच होतं. आता साऱ्या गल्लीची घाण रिसालतच्या पायाखालून वाहू लागली. झाकणावर तिनं सब्जाच्या कुंड्या मांडल्या. उन्हाळ्यात त्या वासापुढे सब्जाही हात टेकायचा.

वर्षं गेली. दोघींचे नवरे गेले. इनोबतचे तिन्ही मुलगे रशियात कामाला गेले, तिथलेच झाले. आणि एका सकाळी इनोबत काठी टेकत आली, ओठांवर बोट ठेवून रिसालतच्या बाजूनं थेट अंगणात गेली, कुंडी सरकवली, झाकणाच्या भोकाला तोंड लावून पुटपुटली. मग म्हणाली, "हं, आता बोलते. बरी आहेस ना गं?"

"इनोबतओपा," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं रिसालत म्हणाली, "गटार आहे ते."

"वाहतं ना? नळाची तोटी फिरवली की पाणी थांबतं, त्याला काय सांगायचं? इथं आवाज तरी येतो. चहा टाक."

ती रोज यायला लागली. चौथ्या दिवशी रिसालत कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त करून अगदी जवळ उभी राहिली. चाळीस वर्षं जे ऐकायचं होतं ते आज ऐकायचंच.

"तोलारिक, वाईट दिसलंय, घेऊन जा," इनोबत झाकणाला सांगत होती. "रिसालतच्या दारात थांबू नकोस. तिचं तिला पुष्कळ आहे. लांब कापसाच्या रानात नेऊन टाक." मग तीन रिकाम्या पाळण्यांचं स्वप्न सांगितलं.

चहा ओतताना रिसालतनं विचारलं, "माझ्या दारात थांबू नको, हे कधीपासून म्हणतेस?"

"तुझं पहिलं गेलं तेव्हापासून. खाली माणसं राहतात, आधी ते सांगावं लागतं. नान संपला का गं?"

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. रिसालत रात्रभर जळली. चांगुलपणातसुद्धा बाईनं वरचंच अंगण घेतलं.

सकाळी ती इनोबतच्या आधी झाकणापाशी जाऊन बसली. स्वप्न काही पडलं नव्हतं. म्हणून सह्यांची गोष्ट सांगायला घेतली, पहिल्या दारापासून, कुठे काय खोटं बोलली त्यासकट. सातव्या दाराशी आली तेव्हा बाहेर काठी वाजली.

तिनं ओ दिली नाही. मध्येच बोललं तर पाणी नेत नाही. आणि एक दिवस इनोबत मागे थांबली तर काही बिघडत नव्हतं.